अमेरिकेत घरी बिअर करायची आहे? सामान दुकानातून काय घ्यायचं आणि ऑनलाइन काय

थंडी सुरू झाली, वीकेंडचे हाइक बंद झाले की इथल्या मराठी मंडळींत कोणीतरी हमखास विचारतं, घरी बिअर करायची म्हणतोय, किट ऑनलाइन मागवू का ते अर्ध्या तासावर एक होमब्रू शॉप आहे तिथे जाऊ? आणि मग दहा जण दहा सल्ले देतात, त्यातले आठ जण फक्त किमतीवर बोलतात. माझं मत विचाराल तर आधी वस्तू बघा, किंमत नंतर. जी शिळी होते, जी फुटते, जी उचलून कंबर धरते ती दुकानातून घ्या. जी वर्षभर कपाटात पडून राहिली तरी तिला काही होत नाही ती जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. आणि पहिल्या बॅचचं सामान, दुकान गाडीच्या टप्प्यात असेल तर, सगळंच्या सगळं दुकानातून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. का ते खाली सांगतो.

आधी कायद्याचं उरकून टाकू

अमेरिकेत दारूबंदी उठली १९३३ ला, पण घरी बिअर करायला फेडरल कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ मध्ये, जिमी कार्टर यांच्या सहीने, आणि लागू झाली १९७९ च्या फेब्रुवारीपासून. घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. नेहमीची बॅच ५ गॅलनची असते म्हणजे नवराबायकोच्या घरात वर्षाला ४० बॅच होतात, तेवढी करून बघाच, लिव्हर आधी राजीनामा देईल. विकायची मात्र अजिबात नाही, मंडळाच्या कार्यक्रमात तिकीट लावून तर नाहीच नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, मिसिसिपी आणि अलाबामात तर २०१३ पर्यंत हे बेकायदाच होतं, त्यामुळे आपल्या राज्याचा नियम एकदा बघून घ्या, विशेषतः घराबाहेर न्यायची असेल तर. आणि ही परवानगी बिअरची आहे, दारू गाळायची नाही, दुकानात तांब्याची भट्टी शोभेला ठेवलेली दिसली तरी.

भारतातून वाचत असाल तर हा लेख नुसता वाचायला ठीक आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत पुण्याला जाताना बॅगेत यीस्ट टाकून काकाच्या गच्चीवर प्रयोग वगैरे बेत असतील तर ते इथेच सोडा.

पायरी १: दुकानात जायच्या आधी घरातली कपाटं उघडा

नवीन माणूस सगळ्यात जास्त पैसे कशात घालवतो तर घरात असलेली वस्तू परत विकत घेण्यात. पहिली गोष्ट पातेलं. ५ गॅलनचं, म्हणजे साधारण १९ लिटरचं स्टीलचं पातेलं लागतं, आणि मराठी घरात गणपतीला किंवा पॉटलकला मसालेभात करायचं पातेलं बहुतेक असतंच, नसलं तर शेजारच्यांकडे असतं. तेच चालतं. पहिल्या वेळी सगळं ५ गॅलन उकळायची गरज नाही, अडीच-तीन गॅलन उकळायचं आणि नंतर फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, थंड पाणी घालून पाच करायचं, घरच्या गॅसवर तेवढंच जेमतेम उकळतं. पातेलं मात्र तेलकट नको, तेलाने बिअरचा फेस बसतो. आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा डाव जो रश्श्यात फिरलाय तो इकडे आणू नका, त्याचा वास सुटत नाही, स्टीलचा घ्या.

दुसरी गोष्ट बाटल्या. ५ गॅलनला १२ औंसच्या पन्नासेक बाटल्या लागतात. विकत घ्यायच्या आधी महिनाभर मित्रांना सांगून ठेवा, ब्राउन रंगाच्या, ओपनरने उघडतात त्या, फिरवून उघडणाऱ्या नकोत कारण त्यांच्या तोंडाला घरच्या कॅपरने, म्हणजे बूच दाबायच्या यंत्राने, बूच नीट बसत नाही. पारदर्शक आणि हिरव्या पण नकोत, उजेडाने हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास बिघडतो. लेबलं काढायला ग्रोसरीतला बिनवासाचा ऑक्सिक्लीन कोमट पाण्यात रात्रभर, सकाळी लेबल आपोआप तरंगत असतं. बाटल्या ऑनलाइन मागवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, काचेचं वजन आणि काचेची फूट दोन्हीचे पैसे तुम्हीच देता. अगदीच नाही जमल्या तर दुकानातून २४ ची खोकी घ्या.

तिसरी, फर्मेंटर ठेवायची जागा. १८ ते २० सेल्सिअसच्या आसपास राहील अशी अंधारी जागा, बेसमेंट किंवा क्लोजेट. हे आत्ता सांगतोय कारण दुकानदार हे विचारणार आहे.

पायरी २: दुकानात जा, आणि घाई करू नका

होमब्रू शॉप म्हणजे बाहेरून गोडाऊनसारखं दिसतं, आत शिरलं की बिस्किटाच्या कारखान्यासारखा भाजक्या धान्याचा वास. काही दुकानं फार जुनी आहेत, ओरेगनमध्ये पोर्टलंडला स्टाइनबार्ट नावाचं दुकान तर १९१८ साली सुरू झालेलं आहे. पण गेल्या काही वर्षांत बरीच बंद पण पडली, त्यामुळे मॅपवर दिसलं म्हणून निघू नका, आधी फोन करा, आणि वेळ विचारा कारण यातली खूप दुकानं सोमवार-मंगळवार बंद असतात. शनिवारी दुपारी जाऊ नका. शनिवारी जुने लोक येतात, काउंटरला कोपर टेकवून तासभर बोलतात आणि तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. बुधवार-गुरुवार संध्याकाळ उत्तम.

आत गेल्यावर लाजायचं कारण नाही. सरळ सांगायचं, पहिलीच वेळ आहे, ५ गॅलन करायचीय, एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार अर्क) वापरणार, घरी साधा गॅस आहे. एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की पुढचं तो विचारतो, कुठली बिअर आवडते, घरात तापमान किती असतं, पाणी नळाचं का. पाण्याचा प्रश्न उगाच नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन असतं आणि ते बिअरमध्ये गेलं की औषधी पट्टीसारखा वास येतो. त्याला कॅम्पडेनची गोळी मिळते, एक गोळी २० गॅलनला पुरते म्हणजे तुम्हाला पाव गोळी. किंवा सरळ ग्रोसरीतून स्प्रिंग वॉटरचे कॅन घ्या. तुमच्या गावाच्या पाण्यात नक्की काय आहे हे त्या दुकानदाराला तोंडपाठ असतं, कारण त्याचं सगळं गिऱ्हाईक तेच पाणी वापरतं, हे कुठलीही वेबसाइट तुम्हाला सांगणार नाही.

आता भरडायचं यंत्र बघून घ्या. एक्स्ट्रॅक्टची बिअर केली तरी चवीला आणि रंगाला अर्धा-एक पौंड क्रिस्टल माल्ट लागतो आणि तो भरडून घ्यावा लागतो. दोन लोखंडी रोलर, वर धान्य ओतायचं नरसाळं, खाली बादली. चांगली भरड कशी ओळखायची तर मूठभर हातात घ्या, दाण्याचे तीन-चार तुकडे झालेले असले पाहिजेत आणि वरचं टरफल मात्र फाटलं तरी अख्खंच राहिलं पाहिजे. पीठ झालं असेल तर ते पाण्यात ढवळताना गाळ होतो आणि टरफलाचा चुरा झाला तर तुरट चव उतरते. अख्खे दाणे तसेच दिसत असतील तर सरळ सांगा, परत एकदा फिरवून द्या, बहुतेक ठिकाणी याचे वेगळे पैसे घेत नाहीत. भरडलेलं धान्य दोन-तीन आठवड्यांत वापरून टाकायचं, अख्खं धान्य कोरड्या डब्यात कित्येक महिने राहतं. म्हणूनच भरडलेलं धान्य ऑनलाइन मागवायला मी कचरतो, कोणत्या दिवशी भरडलं हे त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं.

पायरी ३: पहिल्या बॅचची यादी

अमेरिकन पेल एल नावाची बिअर करा. सोपी आहे, उन्नीस-बीस झालं तरी पिण्यासारखी होते आणि सगळं सामान कुठल्याही दुकानात मिळतं.

६ पौंड लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे पावडर. पातळ एक्स्ट्रॅक्ट पण मिळतो, ३.३ पौंडाचे डबे, दोन लागतील, पण पातळ असतो तो डब्यात पडून पडून काळा पडत जातो आणि जुन्या डब्याची चव काकवीकडे जाते, त्यामुळे पातळ घ्यायचाच असेल तर जिथे माल भराभर खपतो त्या दुकानातूनच घ्या आणि तारीख बघून. पावडर मात्र कुठूनही घ्या, हवा लागू दिली नाही तर टिकते, हवा लागली की दगड होतो. १ पौंड क्रिस्टल ४० माल्ट (४० हा रंगाचा आकडा), भरडून. ३ औंस कॅस्केड हॉप्स, एक औंस उकळी फुटल्यावर लगेच, म्हणजे ६० मिनिटं उकळेल, एक शेवटच्या १० मिनिटांना, एक गॅस बंद केल्यावर. सेफेल यूएस-०५ या सुक्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. बाटलीत भरताना घालायला ४ ते ५ औंस कॉर्न शुगर, म्हणजे साधारण ११५ ते १४० ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही, जास्त साखर म्हणजे बाटल्या फुटतात आणि क्लोजेटमध्ये फुटल्या तर घरचे तुम्हालाच फोडतात. पन्नास-साठ बुचं. धान्य बांधायला जाळीची पिशवी.

एवढ्यात साधारण साडेपाच टक्क्यांची बिअर होते.

साधनांत झाकणाची साडेसहा गॅलनची बकेट, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप), खाली नळ असलेली दुसरी बकेट, ऑटो-सायफन (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओढायचा पंप) आणि नळी, बाटल्या भरायची दांडी, कॅपर, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि स्टार सॅन. यांचं तयार किट दुकानातही मिळतं आणि ऑनलाइनही, साधारण ८० डॉलरपासून दोनशेच्या पुढेपर्यंत. किटच्या खोक्यावर सगळं काही आत आहे असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, पातेलं आणि बाटल्या बहुतेक किटमध्ये नसतात. मागे छापलेली यादी आपल्या यादीशी टिकमार्क करत ताडून बघा आणि मगच पैसे द्या.

हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजायचं साधन, दुकानातूनच घ्या म्हणतो मी. काचेची नळी, आत कागदाची पट्टी, आणि ती पट्टी प्रवासात धक्का बसून आत सरकली तर बाहेरून काही कळत नाही, फक्त सगळी मापं चुकत राहतात. घरी आणल्यावर पहिलं काम, साध्या पाण्यात सोडा, त्यावर जे तापमान छापलंय, बहुतेक ६० किंवा ६८ फॅरनहाइट, त्या तापमानाच्या पाण्यात रीडिंग १.००० आलं पाहिजे. १.००३ आलं तर फेकायची गरज नाही, पट्टीवर लिहून ठेवा आणि दर वेळी तेवढं वजा करा. दोन घेतलेत तर बरं, एक फुटतोच, सिंकमध्ये.

स्टार सॅन हे निर्जंतुक करायचं द्रावण, ५ गॅलन पाण्याला १ औंस, एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, धुवायचं नाही, फेस राहिला तरी राहू द्या. सगळे नवीन लोक त्या फेसाला घाबरतात आणि नळाखाली धुतात आणि केलेलं सगळं पाण्यात घालवतात. ८ औंसची बाटली म्हणजे ४० गॅलन द्रावण, खूप दिवस जाते. हे ऑनलाइन घेतलं काय आणि दुकानातून घेतलं काय, एकच.

पायरी ४: यीस्ट आणि हॉप्स, इथे नीट लक्ष द्या

यीस्ट दोन प्रकारचं. सुकं पाकिटातलं आणि ओलं, पाऊचमधलं. ओल्यात व्हाइट लॅब्स, वायईस्ट वगैरे नावं ऐकाल, प्रकार शेकड्याने आहेत आणि चवीही सुंदर येतात. पण ओलं यीस्ट जिवंत असतं आणि फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, जुलैत ट्रकमधून तीन राज्यं फिरून येणारं ओलं यीस्ट म्हणजे विरजण गाडीच्या डिकीत ठेवून मुंबईहून नागपूरला नेण्यासारखं आहे, पोचेल, पण लागेल का सांगता येत नाही. माझ्याकडे एका ऑनलाइन दुकानातून ऐन उन्हाळ्यात पार्सल आलं होतं, बर्फाची पिशवी होती आत, म्हणजे एके काळी बर्फ असलेली, आता कोमट पाणी, आणि शेजारी यीस्टचा पाऊच उशीसारखा फुगलेला. पैसे परत मिळाले त्यांच्याकडून, पण वीकेंडला भरडलेलं धान्य, रिकामी केलेली दुपार, बोलावलेला मित्र, हे कोण परत करणार.

तर ओलं यीस्ट दुकानातून, फ्रिजमधून स्वतः काढून, तारीख वाचून. सगळ्यात पुढचा पाऊच उचलू नका, मागचे पण बघा, दूध घेताना बघता तसंच. आणि दुकान लांब असेल तर कूलर बॅग न्या. ऑनलाइनच मागवायचं झालं तर थंडीच्या दिवसांत आणि सोमवारी निघेल असं, म्हणजे शनिवार-रविवार कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडून राहणार नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लीझिंग ऑफिसला पार्सल किती वेळ पडतं त्याचाही विचार करा. मोठ्या मार्केटप्लेसवरच्या कुठल्या तरी विक्रेत्याकडून ओलं यीस्ट घेऊच नका, त्याने ते फ्रिजमध्ये ठेवलं होतं का गॅरेजमध्ये हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पण खरं सांगू का, पहिली पाच-सहा वेळा सुकंच वापरा. सुकं पाकीट थंड जागी वर्ष-दोन वर्षं आरामात टिकतं, उन्हात एक दिवस राहिलं तरी रडत नाही, स्वस्त आहे, आणि यूएस-०५ ने चांगली बिअर होते. एकदा सुक्यावर आलात की ऑनलाइन की दुकान हा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

हॉप्सचं उलटं आहे. इथे मी बऱ्याचदा ऑनलाइनच्या बाजूने असतो आणि दुकानदार मित्र चिडतात. अमेरिकेतले बरेचसे हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात, तोडणी ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये, मग वाळवून, दळून, गोळ्या करून नायट्रोजन भरलेल्या पाकिटात. पाकिटावर दोन गोष्टी वाचायच्या, पिकाचं वर्ष आणि अल्फा ॲसिडचा टक्का. अल्फा म्हणजे कडूपणा किती येणार त्याचं माप, एकाच जातीचा टक्का दर वर्षी बदलतो, म्हणून रेसिपीत साडेपाच लिहिलंय आणि तुमच्या पाकिटावर आठ आहे तर तेवढ्या हिशेबाने कमी घालायचे. हॉप्सचे शत्रू तीन, हवा, ऊब आणि वेळ. लहान दुकानात कमी खपणाऱ्या जातीची पाकिटं दोन-दोन वर्षं लटकलेली दिसतात, आणि ती फ्रिजमध्ये नसून भिंतीवर खिळ्याला असतील तर हातच लावू नका. पाकीट उघडल्यावर हिरवा रंग आणि लिंबाचा, गवताचा, पाइनचा वास आला पाहिजे, तपकिरी दिसले आणि जुन्या चीजचा वास आला तर फेकून द्या. ऑनलाइनवाल्यांकडे माल जास्त फिरतो आणि पिकाचं वर्ष बहुतेक जण लिहितात, शिवाय १ औंसच्या पाकिटापेक्षा ८ औंस किंवा पौंडाचं घेतलं तर औंसाचा भाव खूप खाली येतो. घरी फ्रीझरमध्ये ठेवायचे, उघडलं की परत हवा काढून बंद करायचं. मटारच्या पिशवीशेजारी ठेवाल तर नाव लिहून ठेवा, एका ओळखीच्या घरात ते पुदिना म्हणून चटणीत जाता जाता वाचलेत.

पायरी ५: ऑनलाइन ऑर्डर करताना

भाव लावताना शेवटच्या पानावरचा आकडा बघा, पहिल्या पानावरचा नाही. पूर्वी दुसऱ्या राज्यातून मागवलं की सेल्स टॅक्स वाचायचा, म्हणून ऑनलाइन स्वस्त पडायचं, पण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेफेअर प्रकरणात निकाल दिला आणि त्यानंतर बहुतेक राज्यं ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही टॅक्स घेतात, त्यामुळे ती गंमत संपली. राहिलं शिपिंग. ठरावीक रकमेच्या वर फ्री असतं, आणि त्या रकमेला पोचायला आपण उगाच दोन-चार वस्तू टाकतो, त्या वस्तू वर्षभर ड्रॉवरमध्ये दिसत राहतात. फ्री शिपिंगमध्ये जड माल धरलेला असतोच असं नाही, धान्याचं पोतं, काचेचा कारबॉय (बिअर आंबवायची मोठी बरणी) यांना वेगळा चार्ज असतो, बारीक अक्षरं वाचा. काचेचा कारबॉय तसाही नवीन माणसाने घेऊ नये, ओल्या हातातून सटकतो आणि फुटला तर टाक्यांवर निभावतं.

ऑनलाइन काय घ्यावं तर साधनं जी मोठी, महाग आणि न फुटणारी आहेत. बिअर उकळायचं स्टीलचं मोठं भांडं, विजेवर चालणारी सगळं-एकात मशीनं, तांब्याची थंड करायची वेटोळी. इथे चार दुकानांचे भाव ताडून बघता येतात, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सेल लागतात, आणि जवळच्या दुकानात तसंही एखादंच मॉडेल असतं. विजेचं मशीन घेताना १२० व्होल्टचं का २४० चं ते बघा, २४० चं घेतलंत तर ड्रायरच्या सॉकेटसाठी बायकोशी भांडण. वॉरंटी कोण देणार, दुकान का कंपनी, तेही आधीच वाचा.

जुनं सामान पण फार मिळतं, लोक दोन बॅच करून कंटाळतात आणि सगळं गॅरेज सेलला किंवा मार्केटप्लेसवर अर्ध्याहून कमी भावात काढतात. स्टील जुनं घ्या, खुशाल घ्या. प्लॅस्टिकच्या बकेटा आणि नळ्या मात्र नव्याच, प्लॅस्टिकला आतून चरे पडलेले असतात आणि त्या चऱ्यांत जंतू बसतात, ते कितीही धुतलं तरी निघत नाहीत.

खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. पॅकिंग स्लिप हातात घेऊन एकेक वस्तू बाहेर काढा, फुटलंय किंवा कमी आलंय ते लगेच कळवा, फोटोसकट, खोक्याच्या बाहेरच्या बाजूचा पण फोटो काढा. बऱ्याच जणांना बिअर करायच्या सकाळी कळतं की बुचंच आलेली नाहीत. आणि तेव्हा धावत जायला जवळचं दुकान लागतं. म्हणून म्हणतो, दुकानदाराचं डोकं तासभर खाऊन सगळं ऑनलाइन मागवायचं हे करू नका, किमान धान्य, यीस्ट, बुचं, साखर त्याच्याकडून घेत राहा. रविवारी सकाळी अकरा वाजता यीस्ट देणारा माणूस गावात असणं याची किंमत दोन-तीन डॉलरपेक्षा जास्त आहे.

पायरी ६: तिसरं दुकान, आपलं देसी ग्रोसरी

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. बेल्जियमची विटबिअर म्हणून एक प्रकार आहे, गव्हाची, पांढरट, त्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. होमब्रू शॉपमध्ये औंसभर धणे छोट्या पाकिटात दोन-तीन डॉलरला मिळतात, आणि आपल्या दुकानात तेवढ्याच पैशात मोठी पिशवी. शिवाय आपले लांबट, फिकट धणे असतात ना, त्यांना लिंबासारखा वास जास्त असतो आणि जुने ब्रूअरसुद्धा तेच शोधत येतात. अर्धा औंस पुरे, खलबत्त्यात जाडसर ठेचायचे, भाजायचे नाहीत, भाजले की आमटीचा वास येतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे. गूळ पण चालतो, काळपट एलमध्ये अर्धा-पाऊण पौंड, चिक्कीचा घ्या नाहीतर साधा, फक्त उकळताना घालायचा, बाटलीत भरताना गूळ नको कारण त्यात आर्द्रता किती ते नक्की नसतं आणि माप चुकतं. जाळीच्या पिशवीऐवजी श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं फडकं चालतं, नवीन घ्या आणि आधी उकळून घ्या.

पायरी ७: चार-पाच बॅच झाल्या की

मग तुम्हाला कळायला लागतं की आपण काय वारंवार करतो, आणि तेव्हा खरेदीची पद्धत बदलते. एक्स्ट्रॅक्ट सोडून धान्यावर आलात की बेस माल्टचं, म्हणजे बिअरच्या मुख्य धान्याचं, २५ किलोचं पोतं, इथल्या मापाने ५५ पौंड, सुट्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण ते कुरिअरने मागवणं परवडत नाही. दुकानदाराला सांगून ठेवा, पुढच्या खेपेला तुमचंही पोतं आणेल. किंवा आसपासचा होमब्रू क्लब शोधा, बरेच क्लब वर्षातून काही वेळा एकत्र माल उचलतात. क्लब शोधायला अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनची यादी आहे, ही संस्था १९७८ मध्येच कोलोराडोत बोल्डरला सुरू झाली. पोतं आणलं की घरी भरडायचं यंत्र लागतं, नाहीतर दर वेळी धान्य घेऊन दुकानात जावं लागेल, आणि त्याच्याकडून न घेतलेलं धान्य तो फुकट भरडून देईल ही अपेक्षा धरू नका.

बाटल्या धुवून जीव गेला की माणूस केगकडे, म्हणजे बाटल्यांऐवजी बिअर ठेवायच्या स्टीलच्या टाकीकडे, वळतो. ५ गॅलनचे कॉर्नेलियस केग, रेग्युलेटर, नळ्या, नळ हे सगळं ऑनलाइन घ्या, भाव चांगले मिळतात, जुने केग घेतलेत तर सगळ्या रबरी रिंगा बदला, नाहीतर आधीच्या सोड्याचा वास येत राहतो. पण केगमध्ये गॅस भरायला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ऑनलाइन घेऊ नका. तो रिकामाच येतो, भरायला कुठेतरी न्यावाच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी भरून देत नाहीत, बदलून देतात. म्हणजे तुम्ही नवा चकचकीत ५ पौंडाचा सिलिंडर घेऊन जाता आणि परत येताना हातात रंगाचे पोपडे उडालेला, कोणाचा तरी जुना सिलिंडर असतो. त्यापेक्षा दुकानातून नाहीतर वेल्डिंग गॅसवाल्याकडून पहिल्यापासून भरलेलाच घ्या, मानेवर कोरलेली टेस्टची तारीख बघा, पाच वर्षांच्या आतली पाहिजे, आणि गाडीत आणताना उभा, पट्ट्याने बांधून, खिडकी थोडी उघडी ठेवून.